शेवटचा दगड त्याच हातात

2018 च्या जानेवारीत आमच्या मुलीचा जन्म झाला आणि तिच्यासाठी माझे आईबाबा सांगलीहून सेंट पॉलला आले. मिनेसोटातल्या हिवाळ्याशी त्यांची ती पहिलीच गाठ होती. बाबांची झोप अजून भारतातल्या घड्याळावर चालली होती, बाळाची कोणत्याच घड्याळावर चालत नव्हती, आणि त्यामुळे फेब्रुवारीतल्या बहुतेक रात्री मी, बाबा आणि मांडीवरचे बाळ असे तिघे दिवाणखान्यात जागे असायचो. त्याच दिवसांत दक्षिण कोरियात प्याँगचांगचे हिवाळी ऑलिंपिक सुरू होते. कोरियाचे घड्याळ आमच्यापेक्षा पंधरा तास पुढे असल्याने तिथला दिवस आमच्या रात्रीत उगवत असे. ज्यांनी उभा जन्म संध्याकाळी कॅरमच्या पाटासमोर घालवला, त्या माझ्या वडिलांनी कर्लिंग हा खेळ अशा रीतीने वयाच्या सत्तरीत प्रथम पाहिला.

दहा मिनिटे शांतपणे पाहून झाल्यावर ते म्हणाले, "अगं, हा तर कॅरमच की!"

त्यांचे म्हणणे पुष्कळसे बरोबर होते. कर्लिंगमध्ये सुमारे 45 मीटर लांबीच्या बर्फाच्या पट्टीवरून ग्रॅनाइटचे दगड घसरवत सोडतात. पट्टीच्या दोन्ही टोकांना साडेतीन मीटरांहून थोडे अधिक व्यासाचे वर्तुळ रंगवलेले असते, त्याला घर म्हणतात. प्रत्येक संघात चार खेळाडू आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन दगड, म्हणजे एका डावात, ज्याला एंड म्हणतात, दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड आलटून पालटून सोडले जातात. सोळाही दगड सोडून झाल्यावर ज्याचा दगड घराच्या मध्यबिंदूच्या सर्वांत जवळ असेल त्या संघालाच गुण मिळतात, आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडाहून त्याचे जितके दगड आत असतील तितके ते गुण. ऑलिंपिकचा सामना अशा दहा एंडचा असतो. समोरच्याचा दगड उडवणे, आपला दगड दुसऱ्याच्या आडोशाला लपवणे, एका टोल्यात दोन दगड बाहेर काढणे, हे सगळे कॅरम खेळणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. बाबा टीव्हीसमोर बसून बोटाने हवेत कोन मोजत होते.

मात्र एका ठिकाणी हे दोन खेळ वेगळे होतात, आणि कर्लिंगचा जीव मला त्या फरकातच दिसतो. कॅरममध्ये स्ट्रायकर बोटावरून सुटला की खेळाडूच्या हाती पाहत राहण्यापलीकडे काही उरत नाही. कर्लिंगमध्ये मात्र दगड सुटल्यावर दोघे जण ब्रश घेऊन त्याच्या पुढे धावतात आणि वाटेतला बर्फ जीव तोडून घासतात. बर्फ सपाट नसतो. त्याच्यावर पाण्याचे बारीक थेंब फवारून मुद्दाम खडबडीतपणा आणलेला असतो आणि दगडाच्या तळाची एक अरुंद गोल कडा तेवढी त्या गोठलेल्या थेंबांना टेकत असते. घासल्याने बर्फाचा पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण कमी होते, दगड अधिक लांब जातो आणि अधिक सरळ जातो. सोडताना दगडाला जी हलकी फिरकी दिलेली असते, तिच्यामुळे तो शेवटी शेवटी एका बाजूला वळतो. तो कधी वळू द्यायचा आणि कधी रोखायचा, हे समोरच्या घरात उभा असलेला कर्णधार ओरडून सांगत असतो. म्हणजे एकाच्या हातून सुटलेला दगड थांबेपर्यंत चौघांच्या ताब्यात असतो. मी त्याच्या आदल्या हिवाळ्यात सेंट पॉलच्या सेल्बी अव्हेन्यूवरच्या कर्लिंग क्लबमध्ये नवशिक्यांच्या वर्गाला गेले होते. सुमारे 19 किलोचा तो दगड उचलायचा नसतो, त्याच्यासोबत आपणच घसरत जायचे असते आणि मूठ अगदी अलगद सोडायची असते. माझा पहिला दगड निम्म्या वाटेतच थांबला. तेव्हापासून टीव्हीवर कोणी दगड सोडताना दिसले की माझे लक्ष त्याच्या मुठीकडे जाते.

आम्ही ज्या संघाचे सामने पाहत होतो तो अमेरिकेचा पुरुष संघ होता आणि त्यातले बहुतेक जण आमच्याच राज्याशी जोडलेले होते. कर्णधार जॉन शुस्टर हा उत्तर मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यातल्या चिझम गावचा. टायलर जॉर्ज सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या डुलुथचा, जो मद्याच्या दुकानात नोकरी करत असे आणि आठ वर्षांचे जुने बूट घालून ऑलिंपिकमध्ये उतरला होता. जॉन लँडस्टाइनर व्यवसायाने अभियंता, मॅट हॅमिल्टन शेजारच्या विस्कॉन्सिनचा, आणि पाचवा राखीव खेळाडू जो पोलो. प्रशिक्षक होते फिल ड्रॉबनिक. शुस्टर स्वतः खेळाच्या साहित्याच्या दुकानात काम करून सराव करायचा. आठवडाभर नोकरी आणि संध्याकाळी क्लबचा बर्फ, असे आयुष्य जगणारी ही माणसे होती.

शुस्टरची मागची कहाणी मी बाबांना त्या रात्रींत तुकड्यातुकड्याने सांगितली. 2006 मध्ये तुरिनच्या ऑलिंपिकमध्ये पीट फेन्सनच्या संघाने कांस्यपदक जिंकले, ते अमेरिकेचे कर्लिंगमधले पहिले ऑलिंपिक पदक होते, आणि त्या संघात सर्वांत आधी दगड सोडणारा खेळाडू शुस्टर होता. जो पोलोही त्याच संघात होता. त्यानंतर शुस्टर स्वतः कर्णधार झाला आणि 2010 मध्ये व्हँकुव्हरला गेला. कर्णधार बहुधा आपल्या संघाचे शेवटचे दोन दगड सोडतो, म्हणजे आधीच्या सगळ्यांनी मांडलेल्या डावाचा निकाल त्याच्या मुठीवर येऊन ठेपतो. व्हँकुव्हरमध्ये पहिले चारही सामने अमेरिका हरली, त्यातले काही शुस्टरच्या शेवटच्या दगडांवर हातचे गेले, आणि पाचव्या सामन्यात, फ्रान्सविरुद्ध, कर्णधारालाच बाहेर बसवण्यात आले. त्याच्या जागी ख्रिस प्लिस नावाचा तरुण राखीव खेळाडू खेळला आणि अमेरिका तो सामना जिंकली. शेवटी नऊपैकी दोन विजय घेऊन हा संघ तळाला राहिला. इंटरनेटवर लोकांनी शुस्टरच्या आडनावाचे क्रियापद केले. मोक्याच्या क्षणी कच खाणे, असा त्याचा अर्थ. चार वर्षांनी सोचीमध्येही नऊपैकी दोनच विजय मिळाले आणि दहा संघांत नववा क्रमांक आला.

सोचीनंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेने निवडक खेळाडूंसाठी खास प्रशिक्षणाची योजना आखली, चाचण्या घेतल्या, आणि त्या यादीत शुस्टरचे नाव आले नाही. संघटनेचा निर्णय निव्वळ आकड्यांकडे पाहिले तर समजण्यासारखा होता. दोन ऑलिंपिकमधल्या अठरा सामन्यांत चार विजय, एवढीच त्याची कर्णधार म्हणून शिदोरी होती. पण त्याने खेळ सोडला नाही. यादीबाहेर राहिलेल्या जॉर्ज, हॅमिल्टन आणि लँडस्टाइनर यांना सोबत घेऊन त्याने स्वतःचा संघ उभा केला. नाकारलेल्यांचा संघ, हीच त्यांची ओळख झाली आणि त्यांनी ती आनंदाने मिरवली. शुस्टरने व्यायाम वाढवला, वजन पुष्कळ घटवले. 2015 मध्ये याच चौघांनी, योजनेतल्या संघांना मागे टाकून, राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले.

2018 नंतर वर्तमानपत्रांनी या संघाच्या यशाला चमत्कार म्हटले आणि अजूनही म्हणतात. मला तो शब्द मनापासून खटकतो. 2015 च्या जागतिक स्पर्धेत हा संघ पाचवा आला, 2016 मध्ये बासेलच्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले, 2017 मध्ये एडमंटनला तो चौथा आला. जो संघ तीन वर्षे सलग जगातल्या पहिल्या पाचांत आहे, त्याचे पदक आकाशातून पडत नाही. चमत्कार म्हटले की त्या तीन वर्षांच्या संध्याकाळी, ते प्रवास, ती घासून झिजलेली ब्रशची कापडे, सगळे पुसले जाते. आणि या खेळाकडे लोक चार वर्षांतून एकदाच पाहतात, म्हणून मधल्या काळात काहीच घडले नाही असा त्यांचा समज होतो.

तरीही या ऑलिंपिकमध्ये, गांगनुंगच्या कर्लिंग केंद्रातल्या पहिल्या सहा सामन्यांनंतर आमच्या दिवाणखान्यातली आशाही मावळली होती, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. यजमान कोरियावर 11-7 असा विजय मिळाला. पुढचा सामना इटलीकडून अवघ्या एका गुणाने, 9-10 असा गेला, आणि स्वीडनने 10-4 असे धुऊन काढले. डेन्मार्कविरुद्ध विजय मिळाला, पण लगेच जपानकडून 8-2 आणि नॉर्वेकडून 8-5 असे पराभव आले. दोन विजय, चार पराभव. उरलेल्या तीन सामन्यांतला एक जरी गेला असता तरी संघाला परतीची वाट धरावी लागली असती, आणि समोर होते कॅनडा, स्वित्झर्लंड आणि ग्रेट ब्रिटन. नॉर्वेविरुद्धच्या सामन्यानंतर कॅमेऱ्याने शुस्टरचा चेहरा दाखवला तेव्हा बाबा म्हणाले, "या माणसाला आता शेवटचा दगड देऊ नये. दुसऱ्या कोणाला द्यावा."

मला वाटते, घरोघरी तेव्हा हेच बोलले जात असणार. व्हँकुव्हरमध्ये तसे झालेही होते, आणि कर्लिंगच्या नियमांत त्याला आडकाठी नाही. संघात चौथ्या क्रमांकाचे दगड कोणी सोडायचे हे संघानेच ठरवायचे असते. जॉर्ज अतिशय नेमका खेळाडू होता, शेवटचे दगड त्याच्याकडे दिले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण पुढच्या सामन्यात संघ बर्फावर उतरला तेव्हा क्रम तोच होता. लँडस्टाइनर, हॅमिल्टन, जॉर्ज आणि सरतेशेवटी शुस्टर. त्या तिघांनी काय विचार केला असेल याचा मी पुष्कळदा अंदाज बांधते. त्यांना तो माणूस व्हँकुव्हरच्या आणि सोचीच्या आकड्यांवरून माहीत नव्हता, तीन हिवाळ्यांच्या सरावावरून माहीत होता. त्याच्या मुठीतून सुटलेला प्रत्येक दगड त्यांनी स्वतः घासत नेला होता. असा निर्णय बाहेरून पाहणाऱ्याला हट्ट वाटतो, आणि ज्याच्या हातात ब्रश असतो त्याला तो साधा व्यवहार वाटतो.

कॅनडाविरुद्धचा सामना अकराव्या, जादा एंडपर्यंत गेला आणि अमेरिकेने तो 9-7 असा जिंकला. त्यानंतर स्वित्झर्लंडला 8-4 आणि ग्रेट ब्रिटनला 10-4 असे हरवून संघ पाच विजय, चार पराभव या हिशेबाने साखळीतून वर आला. ब्रिटन आणि स्वित्झर्लंड यांचेही तेवढेच विजय होते, पण अमेरिकेने त्या दोघांनाही हरवलेले असल्याने तिचे स्थान तिसरे ठरले आणि उपांत्य फेरीत पुन्हा कॅनडाच समोर आला. तो सामना आमच्याकडे 22 फेब्रुवारीला पहाटे पाचच्या सुमारास सुरू झाला. खिडकीबाहेर अंधार होता, आई चहा करत होती, आणि केव्हिन कोई या जगज्जेत्या कर्णधाराच्या कॅनडाला अमेरिकेने 5-3 असे रोखले. कर्लिंग स्कॉटलंडात जन्मले असले तरी कॅनडात ते घरोघरी पोहोचले आहे, आपल्याकडच्या क्रिकेटसारखे. त्या देशाच्या पुरुष संघाने आधीच्या सलग तीन ऑलिंपिकची सुवर्णपदके जिंकली होती, आणि या वेळी पुढे स्वित्झर्लंडने त्यांना कांस्यपदकाच्या सामन्यातही हरवले.

अंतिम सामना स्वीडनशी होता. शुक्रवारची रात्र उलटून शनिवार, 24 फेब्रुवारी लागला होता आणि आमच्या घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. निक्लास एडिनचा स्वीडिश संघ साखळीत नऊपैकी सात सामने जिंकून पहिला आलेला होता आणि त्याने या अमेरिकन संघाला आधी सहा गुणांनी हरवलेले होते. सातव्या एंडनंतर गुणफलक 5-5 असा बरोबरीत होता. आठव्या एंडमध्ये शेवटचा दगड अमेरिकेकडे होता. ज्या संघाकडे शेवटचा दगड असतो त्याच्याकडे हॅमर आहे असे म्हणतात, आणि तो संघ सहसा किमान दोन गुण मिळवण्याची वाट पाहतो, कारण गुण मिळवला की पुढच्या एंडचा हॅमर समोरच्याकडे जातो. एकच गुण पदरी पडणार असेल तर घर रिकामे करून शून्य गुणांवर समाधान मानणे आणि हॅमर राखणे पुष्कळदा शहाणपणाचे असते.

एडिनचा शेवटचा दगड थांबला तेव्हा घरात अमेरिकेचे दगड लाल होते की पिवळे, हे आता मला आठवत नाही, पण त्यांची गर्दी मला स्पष्ट आठवते, आणि त्या गर्दीच्या आत अडून बसलेले स्वीडनचे दोन दगडही आठवतात. ते दोन्ही एका टोल्यात बाहेर गेले तर पाच गुण मिळणार होते. या पातळीवरच्या सामन्यात एका एंडला पाच गुण क्वचितच दिसतात. बाबा खुर्चीच्या कडेवर आले. त्यांनी अंगठा आणि मधले बोट जुळवून, जणू समोर पाट आहे अशा थाटात, कोन धरला आणि म्हणाले, "लागतो. पण अर्धा लागला पाहिजे, भरून लागता कामा नये."

शुस्टरने दगड जोरात सोडला. जोरकस दगडाला घासण्याचा वेळ फारसा मिळत नाही, तरी ब्रशवाले दोघे त्याच्या सोबत धावले. तो पहिल्या स्वीडिश दगडाला लागला, दुसराही हलला, आणि दोन्ही घराबाहेर निघून गेले. समालोचकाचा आवाज चढला तेव्हा बाळ दचकून रडू लागले, आणि तिला थोपटत मी पडद्याकडे पाहिले तर गुणफलकावर 10-5 झाले होते. पाचच्या पाच गुण मिळाले होते.

बाबा पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी विचारले, "आता तरी लोक त्याच्या नावाचा चांगला अर्थ लावतील ना?" आठवड्यापूर्वी मी सहज सांगितलेली ती गोष्ट त्यांच्या मनात इतकी रुतून बसली असेल, याची मला कल्पना नव्हती.

नवव्या एंडमध्ये स्वीडनला दोन गुण मिळाले, आणि दहाव्यात बरोबरी साधण्याइतके दगड शिल्लक न राहिल्यावर एडिनने हात पुढे केला. कर्लिंगमध्ये शेवटचा दगड पडेपर्यंत थांबण्याची सक्ती नसते. सामना हातातून गेला असे हरणाऱ्याला पटले की तो स्वतःच हस्तांदोलन करून तो संपवतो. आपला ब्रश किंवा पाय चुकून चालत्या दगडाला लागला तर खेळाडूने ते आपणहून सांगावे अशीही या खेळाची रीत आहे. बाबांना ही गोष्ट सर्वांत आवडली. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या मंडळात सोंगटीला हात लागला तर खेळणाराच पाटावरून हात उचलत असे, हे ते त्या रात्री आईला झोपेतून उठवून सांगत होते.

अंतिम निकाल 10-7 असा लागला. ऑलिंपिकच्या कर्लिंगमधले अमेरिकेचे ते पहिले सुवर्णपदक होते. पदक वितरणात या खेळाडूंच्या गळ्यात चुकून महिलांच्या स्पर्धेची पदके पडली, त्यावर तसे कोरलेलेही होते, आणि नंतर ती बदलून देण्यात आली.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आईबाबा सांगलीला परतले. चार वर्षांनी बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये शुस्टर पुन्हा संघ घेऊन गेला आणि उद्घाटनाच्या संचलनात अमेरिकेचा ध्वज धरणाऱ्या दोघांत तो होता. हॅमिल्टन आणि लँडस्टाइनर त्याच्यासोबत होते. जॉर्जच्या जागी आता ख्रिस प्लिस उपकर्णधार होता, म्हणजे 2010 मध्ये शुस्टरला बाहेर बसवले तेव्हा ज्याला त्याची जागा मिळाली होती, तोच. या वेळीही संघ पाच विजयांवर उपांत्य फेरीत पोहोचला, तिथे ब्रिटनकडून हरला, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात कॅनडाने त्याला 8-5 असे नमवले. त्या दिवशी बाबांचा फोन आला. सामना त्यांना तिकडे पाहता आला नव्हता, निकाल मात्र कळला होता.

"शेवटचे दगड अजून तोच टाकतो का?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, "हो बाबा, तोच टाकतो."

"बरं," ते म्हणाले, आणि मग नातीला फोनवर बोलवायला सांगितले.